गुलाबाच्या नावाने विकलेले गवत

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यात अल्लीपूर हे गाव आहे. काळ्या जमिनीचा आणि कापसाचा हा मुलूख. एकोणिसाव्या शतकात या भागातला कापूस लिव्हरपूलच्या बाजारात ‘हिंगणघाट’ याच नावाने ओळखला जात असे आणि भारतीय कापसात त्याला वरचे स्थान होते. अलीकडे, २०१६ साली, याच जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे माल जिथे पिकतो त्या गावाचे नाव मालाबरोबर बाजारापर्यंत पोहोचले, तर त्याची किंमत वाढते, हे वर्धा जिल्ह्याला दोनदा अनुभवाने कळलेले आहे.

या लेखात अशा एका मालाची हकिकत सांगायची आहे, की ज्याच्या बाबतीत नेमके उलटे घडले. हा माल विदर्भ, खानदेश आणि सातपुड्याच्या उतारांवर वाढला, जगभर गेला, श्रीमंतांच्या स्नानगृहात पोहोचला. पण वाटेत त्याचे नाव मात्र पूर्णपणे गळून पडले.

एखाद्या भारी किमतीच्या गुलाबी साबणाचे किंवा अंगाला लावायच्या सुगंधी मलमाचे वेष्टन हातात घ्या. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटकद्रव्यांची यादी असते. तिच्या शेवटी शेवटी ‘जिरॅनिऑल’ हा शब्द पुष्कळदा सापडतो. गुलाबाच्या वासातला हा एक प्रमुख घटक. नावावरून वाटते, की हा जिरेनियम या फुलझाडापासून मिळाला असावा. प्रत्यक्षात १८७१ साली शास्त्रज्ञांनी तो पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळा केला, तो भारतातून आलेल्या एका गवताच्या तेलातून. त्या गवताला आपण रोशा गवत म्हणतो. विदर्भात तिखाडी असेही म्हणतात. मग रेणूला नाव जिरेनियमचे कसे पडले? आणि गवताच्या तेलाने गुलाबाची जागा कशी घेतली?

स्नानाचा थाट

सुगंधी स्नान ही काही आजची चैन नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. राजाने कोणकोणते उपभोग घ्यावेत हे सांगताना त्याने स्नानभोग, विलेपनभोग, धूपभोग असे स्वतंत्र विभाग केले आहेत. त्याच्याही पुष्कळ आधी, सहाव्या शतकात, वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीवर एक प्रकरण लिहिले. तिथे १६ द्रव्यांतून कोणतीही ४ निवडली तर १,८२० मिश्रणे होतात असा हिशेब आहे. अकरावी-बारावीच्या मुलांना संचय शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे. उत्तर बरोबर आहे.

मराठीतही ही विद्या होती. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४५ साली ‘गंधवाद’ नावाच्या एका दुर्मीळ हस्तलिखिताची चिकित्सा प्रसिद्ध केली. सुगंधी द्रव्ये तयार करण्याच्या या संस्कृत ग्रंथावर मराठी टीका आहे, आणि गोडे यांच्या मते तिचा काळ १३५० ते १५५० च्या दरम्यानचा. याचा अर्थ, सुगंध बनवण्याचे तंत्र त्या काळी मराठीत समजावून सांगण्याची कोणाला तरी गरज वाटली होती.

मात्र या साऱ्या सुगंधाचे गिऱ्हाईक म्हणजे राजा, देवालय आणि धनिक. सामान्य घरात दिवाळीच्या पहाटेपुरते तेल आणि उटणे. उटण्यात वाळा, नागरमोथा, कचोरा, हळद. यातली बहुतेक द्रव्ये मुळांची आणि कंदांची, म्हणून टिकाऊ आणि स्वस्त. गुलाबाचे अत्तर ही वेगळीच गोष्ट. एक किलो गुलाबतेल काढण्यासाठी साधारण तीन ते पाच हजार किलो फुले लागतात. पहाटे, ऊन चढण्यापूर्वी, हाताने तोडलेली.

एकोणिसाव्या शतकात युरोपात परिस्थिती पालटली. मिठापासून सोडा करण्याची लब्लांची रीत १७९१ साली निघाली होती. तिच्यामुळे अल्कली स्वस्त झाली. ब्रिटनने १८५३ साली साबणावरचा कर रद्द केला. साबण हळूहळू मध्यमवर्गाच्या घरात आला. आता साबण नुसता स्वच्छ करणारा असून भागेना. तो ‘वासाचा’ हवा, आणि वासांत पहिला मान गुलाबाचा. पण हजारो टन साबणाला पुरेल इतके गुलाबतेल पृथ्वीवर नव्हते. मागणी होती, माल नव्हता. ही पोकळी भरून काढली ती आपल्या डोंगरउतारांवरच्या गवताने.

एका गवताची अनेक नावे

रोशा हे बहुवर्षायू गवत पुरुषभर किंवा त्याहून उंच वाढते. पावसाळा संपताना त्याला तुरे येतात आणि ते पिकताना तांबूस होतात. पान चुरगळले की गोडसर, गुलाबासारखा वास येतो. गवती चहा आणि सिट्रोनेला ही याच प्रजातीतली भावंडे. रोशाचे दोन प्रकार आहेत. कोरड्या, उघड्या उतारांवर विखुरलेल्या ठोंबांनी वाढणारा तो मोतिया. ओलसर जागी दाट वाढणारा तो सोफिया. दिसायला दोन्ही इतके सारखे, की वनस्पतिशास्त्रज्ञही फसावेत. पण मोतियाच्या तेलात तीन चतुर्थांशाहून अधिक भाग जिरॅनिऑलचा असतो, तर सोफियात तो बराच कमी असून वास उग्र असतो. हा फरक तेल काढणाऱ्यांना नाकाने आधीपासून ठाऊक होता; ही नावेही व्यवहारातलीच आहेत.

गवताचे शास्त्रीय नाव सिंबोपोगॉन मार्टिनी. यातला ‘मार्टिन’ म्हणजे लखनौचा प्रसिद्ध फ्रेंच सेनानी क्लॉड मार्टिन. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धाच्या काळात दख्खनच्या पठारावर त्याच्या लक्षात आले, की गुरे हे गवत आवडीने खातात आणि त्यामुळे त्यांच्या दुधालोण्यालाही त्याचा वास येतो. त्याने बी गोळा केले, लखनौला पेरले आणि कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानातील विल्यम रॉक्सबर्ग यांच्याकडे पाठवले. रॉक्सबर्गने गवताला मार्टिनचे नाव दिले. गुराख्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेली गोष्ट सेनापतीच्या नावावर नोंदली गेली. नाव हरवण्याची ही पहिली पायरी.

१८२५ च्या सुमारास इंग्रज डॉक्टरांनी ‘निमारचे गवती तेल’ म्हणून या तेलाची माहिती लिहिली. नर्मदा खोऱ्यातल्या निमाडमध्ये ते सांधेदुखीवर चोळण्यासाठी वापरत. पुढे व्यापारी भाषेत ते ‘भारतीय जिरेनियम तेल’ झाले, कारण जिरेनियमच्या पानांच्या तेलाशी त्याचा वास जुळत होता. तुर्कस्तानात ते ‘इद्रिस यागी’ झाले. तिथून युरोपात गेल्यावर ते ‘तुर्की जिरेनियम तेल’ झाले, जरी ते तुर्की नव्हते आणि जिरेनियमचेही नव्हते. शेवटी अत्तरव्यापाराने त्याला ‘पामरोजा’ हे नाव दिले. या एवढ्या नावांत ‘रोशा’ कुठेच नाही.

ओढ्याकाठची भट्टी

१८८० साली प्रसिद्ध झालेल्या खानदेश गॅझेटियरमध्ये या धंद्याचे वर्णन आहे. मूळ ठिकाण पिंपळनेर. नफा दिसू लागल्यावर तो नंदुरबार, शहादा, तळोद्याकडे पसरला. पुढे मेळघाट, बैतूल, निमाड या सातपुड्याच्या पट्ट्यातही तो चाले. साधने अगदी साधी. ओढ्याच्या काठी दगडमातीची चूल, तिच्यावर मोठे भांडे, त्यात दाबून भरलेले गवत आणि पाणी. वर घट्ट बसवलेले झाकण. झाकणातून निघालेली पोकळ बांबूची नळी दुसऱ्या भांड्यात नेलेली, आणि ते भांडे ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवलेले. गवत कापणारे हात बहुतेक डोंगरातल्या आदिवासींचे, भट्टी लावणारा कारागीर वेगळा आणि पैसा लावणारा व्यापारी आणखी वेगळा.

या भट्टीत एक सुंदर भौतिकशास्त्र आहे. जिरॅनिऑलचा उत्कलनबिंदू सुमारे २३० अंश सेल्सिअस. मग उकळत्या पाण्याच्या १०० अंशांवर ते बाहेर येते कसे? तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून प्रत्येकाची वाफ आपापला दाब स्वतंत्रपणे देते. दोन्ही दाबांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली, की मिश्रण उकळते. त्यामुळे ते १०० अंशांच्या किंचित खालीच उकळते आणि वाफेबरोबर थोडे थोडे तेल निघून येते. तेल करपत नाही, वास बिघडत नाही. यालाच आपण बाष्प-ऊर्ध्वपातन म्हणतो. ओढ्याचे पाणी हे फुकटचे शीतक. ही भट्टी लावणाऱ्याला डाल्टनचा आंशिक दाबाचा नियम पाठ नसेल, पण तो पाळायचा कसा हे त्याला नीट ठाऊक होते.

हजार किलो ताज्या गवतातून सर्वसाधारणपणे दोन ते चार किलो तेल मिळते. गुलाबाशी तुलना करा. तिथे एका किलोसाठी हजारो किलो फुले, इथे काही शे किलो रानगवत. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडणार हे उघड आहे.

मुंबई ते कझानलिक

तेल चामड्याच्या बुधल्यांत भरून मुंबईला जाई. तिथून जहाजाने तांबड्या समुद्रातल्या बंदरांत आणि अरब व्यापाऱ्यांमार्फत कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला. तिथे त्यावर संस्कार होत. लिंबाचा रस किंवा डिंकाचे पाणी घालून ते घुसळत आणि उन्हात ठेवत. त्यामुळे रंग फिका होई आणि वासाचा उग्रपणा कमी होई. मग ते बाल्कन पर्वताच्या पायथ्याशी कझानलिकला पोहोचे. कझानलिकचे गुलाबाचे खोरे १८७८ पर्यंत तुर्की साम्राज्यात होते, आज ते बल्गेरियात आहे. तिथे गुलाबतेलात रोशा तेल मिसळले जाई. काही जण तर भट्टीत घालण्यापूर्वी गुलाबाच्या पाकळ्यांवरच ते शिंपडत. म्हणजे बाहेर पडणारे तेल आपोआपच ‘गुलाबाचे’!

भेसळ ओळखायची एक रीत होती. शुद्ध गुलाबतेलात मेणासारखा एक भाग असतो. त्यामुळे थंड हवेत त्याच्यात स्फटिक बनून ते गोठू लागते. रोशा तेल मिसळले की गोठण्याचे तापमान खाली जाते. म्हणून गुलाबतेलाचा दर्जा गोठणबिंदूवरून ठरवत. भेसळ करणारेही हुशार. ते सोबत मेणासारखे दुसरे काही घालून गोठणबिंदू पुन्हा वर आणत.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. रोशा तेल ही गुलाबात होणारी भेसळ होती खरी, पण खुद्द रोशा तेलातही वाटेत भेसळ होत असे. टर्पेंटाइन, खोबरेल, खनिज तेल असे काय काय त्यात मिसळलेले आढळे. ज्या मालाला स्वतःचे नाव नाही, त्याच्या शुद्धतेची राखण करण्यात कोणालाच स्वारस्य नसते. नाव आणि विश्वास या गोष्टी बरोबरच येतात आणि बरोबरच जातात.

नाकाला कळले ते रसायनशास्त्राला

ओस्कार याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७१ साली ‘भारतीय जिरेनियम तेल’ तपासायला घेतले. ऊर्ध्वपातनाने त्याने त्यातला मुख्य घटक वेगळा केला. या घटकाची निर्जल कॅल्शियम क्लोराइडशी संयुती होऊन स्फटिक मिळतात आणि पाणी घातले की ते पुन्हा सुटे होतात, या गुणाचा शुद्धीकरणासाठी उपयोग झाला. शाळेच्या प्रयोगशाळेत ओलावा शोषायला ठेवतो तेच हे कॅल्शियम क्लोराइड. हा घटक अल्कोहोल वर्गातला होता, आणि तेलाच्या व्यापारी नावावरून त्याचे नाव जिरॅनिऑल झाले.

व्यापाऱ्यांनी गैरसमजाने किंवा सोयीने दिलेले नाव अशा रीतीने रसायनशास्त्राच्या कोशात कायमचे जाऊन बसले. याकोबसेनचा यात काही दोष नाही. बाटलीवरच्या चिठ्ठीवर जे होते ते त्याने घेतले. पण चिठ्ठी कोण लिहितो याला किती महत्त्व आहे, ते इथे दिसते.

पुढे १८९० च्या दशकात गुलाबतेलाचे पृथक्करण झाले तेव्हा त्यातही हेच जिरॅनिऑल सापडले. कझानलिकच्या भेसळखोरांनी केवळ नाकाच्या आधारे जे ओळखले होते, त्याचे कारण आता समजले. गवतातला आणि गुलाबातला हा रेणू एकच आहे. फरक बाकीच्या घटकांत. गुलाबात जिरॅनिऑलबरोबर सिट्रोनेलॉल भरपूर असते, नेरॉल असते आणि अत्यल्प प्रमाणातले पुष्कळ पदार्थ असतात. त्यातले डमॅसेनोन १९७० साली सापडले. तेलात ते एक टक्क्याहूनही कितीतरी कमी असते, तरी गुलाबाला खरा ‘गुलाबपणा’ देण्यात त्याचा मोठा वाटा आहे. म्हणून रोशाचा वास गुलाबाची आठवण करून देतो, पण डोळे मिटून वास घेणाऱ्या जाणकाराला फसवत नाही.

भेसळ पकडण्याची एक नवी रीतही यातून मिळाली. सिट्रोनेलॉलच्या रेणूत एक असममित कार्बन अणू असतो, म्हणून गुलाबतेल ध्रुवित प्रकाशाचे प्रतल डावीकडे वळवते. जिरॅनिऑलमध्ये असा अणूच नाही. ते प्रकाशाला वळवत नाही. रोशा मिसळले की वळणाचा कोन कमी होतो. नाक जिथे थकते तिथे प्रकाश साक्ष देतो.

जिरॅनिऑलच्या एका रेणूत १० कार्बन, १८ हायड्रोजन आणि १ ऑक्सिजन अणू असतात. त्याचे ऑक्सिडीकरण करून दोन हायड्रोजन काढले की सिट्रल मिळते. सिट्रल म्हणजे गवती चहाचा लिंबासारखा वास. गुलाब आणि लिंबू यांच्या वासात अंतर केवळ दोन हायड्रोजन अणूंचे! नाकातल्या ग्राहींची ही सूक्ष्मता विद्यार्थ्यांना थक्क करते असा माझा अनुभव आहे.

याहून नवलाची गोष्ट २०१५ साली कळली. सब्जासारख्या वनस्पतींत जिरॅनिऑल तयार करण्यासाठी जिरॅनिऑल सिंथेज हे विकर असते. गुलाबातही तेच असणार असे सगळे धरून चालले होते. फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवले, की गुलाब हा रेणू अगदी वेगळ्या वाटेने, न्युडिक्स कुलातले विकर वापरून तयार करतो. एकाच मुक्कामाला निसर्ग दोन रस्त्यांनी पोहोचला आहे.

साबणाला गवतच का मानवले

रोशा तेल साबणात गेले ते केवळ स्वस्त म्हणून नव्हे. साबण अल्कधर्मी असतो; त्याच्या द्रावणाचा सामू ९ ते १० असतो. अशा परिसरात सगळेच सुगंध तग धरत नाहीत. फळांचे वास देणारी एस्टरे फुटतात. अनेक अल्डिहाइडे बदलतात आणि साबणाला डाग पाडतात. जिरॅनिऑल हे अल्कोहोल असल्याने अल्कलीला दाद देत नाही. वडी वर्षभर कपाटात राहिली तरी वास बऱ्यापैकी टिकतो. इतकेच नव्हे, रोशा तेलातले थोडे एस्टर फुटले तरी त्यातून पुन्हा जिरॅनिऑलच मिळते. साबणासाठी जणू बेतलेलाच हा सुगंध आहे.

आपल्याकडेही साबणाचा उद्योग उभा राहिला. मुंबईत गोदरेजांनी १९१८-१९ च्या सुमारास प्राणिज चरबी न वापरता वनस्पतितेलांचा साबण काढला. टाटा ऑइल मिल्सचा मोती साबण गुलाब आणि चंदन या वासांत येई आणि दिवाळीच्या अभ्यंगस्नानाशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले. १९९३-९४ मध्ये ती कंपनी हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली. राजाचा स्नानभोग वर्षातून एकदा का होईना, सामान्य घरात आला. ही चैन स्वस्त झाली ती रसायनशास्त्रामुळे, हे विसरून चालणार नाही.

मात्र त्याच रसायनशास्त्राने रोशाला स्पर्धकही निर्माण केला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टर्पेंटाइनमधल्या पायनिनपासून, आणि पुढे खनिज तेलापासून मिळणाऱ्या कच्च्या मालातून कारखान्यांत जिरॅनिऑल बनू लागले. हा रेणू गवतातल्या रेणूहून तसूभरही वेगळा नसतो. ‘नैसर्गिक ते निर्धोक आणि कृत्रिम ते घातक’ ही समजूत इथे टिकत नाही. युरोपीय संघाने २००३ साली २६ सुगंधी द्रव्यांची नावे वेष्टनावर छापण्याची सक्ती करणारा नियम केला, कारण काही लोकांच्या त्वचेला त्यांची ॲलर्जी होते. जिरॅनिऑल त्यांतले एक आहे, मग ते गुलाबातले असो, गवतातले असो वा कारखान्यातले. वेष्टनावर हा शब्द दिसतो त्याचे कारण हे.

नाव कोणाचे?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या सगळ्या व्यापारात गावात काय उरले?

गवत कापण्याची मजुरी उरली आणि ओढ्याकाठच्या भट्टीची कमाई उरली. शुद्धीकरण, मिश्रण, बाटली, चिठ्ठी हे सारे दूर कुठेतरी होत होते, आणि किंमत तिथेच वाढत होती. इंग्रजी अमलात जंगलातले रोशा गवत कापण्याचा हक्क वनखाते ठेकेदारांना लिलावाने देई. त्यामुळे ज्यांच्या डोंगरावर गवत वाढे ते त्यावर मजूर म्हणूनच येत.

वर्ध्यात या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झाला आहे. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम वर्ध्याच्या मगनवाडीतून चाले. त्याचे सूत्रधार अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा होते. घाणीचे तेल, हातकागद, साबण अशा उद्योगांवर तिथे प्रयोग झाले. कच्चा माल गावाबाहेर जातो आणि पक्का माल होऊन परत येतो, तेव्हा गावाची मेहनत स्वस्तात आणि दुसऱ्याची महागात विकली जाते, हे कुमारप्पांच्या मांडणीचे सूत्र होते. मगनवाडीच्या साध्या राहणीला सुगंधी साबणाची चैन कदाचित मानवली नसती. पण सुगंधाचा उगम आणि त्याचा दाम यांच्यात पडलेले अंतर त्या लोकांना नक्की समजले असते.

दुसऱ्या टोकाला बल्गेरिया पाहा. ज्या गुलाबतेलात आपले रोशा मिसळले जाई, त्या ‘बल्गेरियन गुलाबतेला’ला २०१४ साली युरोपीय संघाने संरक्षित भौगोलिक नाव दिले. त्यांनी भेसळ मोजायला शिकले, प्रयोगशाळा उभ्या केल्या आणि नाव राखले. आपल्याकडे भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ सालचा आहे. कनौजच्या अत्तराला आणि वायगावच्या हळदीला त्याचा आधार मिळाला.

रोशाचा नवा अध्यायही सुरू झाला आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने मोतियाच्या अधिक तेल देणाऱ्या जाती विकसित केल्या. २०१७ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने अरोमा मिशन हाती घेतले. रोशा, गवती चहा, वाळा अशी पिके घेण्यासाठी निवडलेल्या प्रदेशांत विदर्भ आणि मराठवाडा यांची नावे आहेत. हलक्या, कोरडवाहू जमिनीत तग धरणारे, एकदा लावले की काही वर्षे कापणी देणारे हे पीक कापसाला जोड ठरू शकते. मात्र इतिहास एक इशारा देतो. नुसते गवत वाढवून भागत नाही. भट्टी जवळ हवी, तेलाची शुद्धता मोजण्याची सोय हवी आणि बाटलीवर नाव आपले हवे. यातले एकही नसेल, तर शेतकरी एकोणिसाव्या शतकातल्या पिंपळनेरच्या जागीच उभा राहील.

वर्गात काय करता येईल

१. गवती चहाचे पान, कुंडीतल्या सुगंधी जिरेनियमचे पान, गुलाबाची पाकळी आणि मिळाले तर रोशाचे पान स्वतंत्र कागदी पुड्यांत चुरगळून द्यावे. डोळे बांधून वास ओळखायला सांगावे. कोणते दोन वास जवळचे वाटतात त्याची नोंद तक्त्यात करावी. १८७१ पूर्वीच्या व्यापाऱ्यांचा गोंधळ विद्यार्थ्यांना आपोआप समजेल.

२. गोलबूड चंबू आणि लायबिग शीतक वापरून गवती चहाचे बाष्प-ऊर्ध्वपातन करावे. पाण्यावर तरंगणारा तेलाचा पातळ थर दिसतो. गवताचे वजन आणि तेलाचे आकारमान यांची तुलना करावी. तेल ज्वलनशील आहे, तेव्हा ज्योतीपासून दूर ठेवावे आणि ते त्वचेवर थेट चोळू नये.

३. घरातल्या साबणांच्या वेष्टनांवरची घटकद्रव्ये उतरवून आणायला सांगावे. जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल, लिनॅलूल, सिट्रल यांपैकी काय काय सापडते ते पाहावे. किमतीशी त्याचा काही संबंध लागतो का, यावर चर्चा करावी.

४. गावातल्या जुन्या गुराख्यांना आणि वैदूंना भेटून आसपासच्या वासाच्या गवतांची नावे विचारावीत. कोणते गवत खाल्ल्यावर दुधाला वास येतो, ते कुठे उगवते, पूर्वी त्याचे काय करत, हे लिहून घ्यावे. नमुना वाळवून कागदावर चिकटवावा आणि त्याखाली शास्त्रीय नावाआधी गावातले नाव लिहावे.

हा चौथा उपक्रम सर्वांत सोपा दिसतो, पण महत्त्व त्यालाच अधिक. रेणूचे नाव आता बदलणार नाही; जगभरच्या साबणांवर ते जिरॅनिऑलच राहील. गवताचे नाव मात्र अजून आपल्या गावातल्या काही म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहे. ते वहीत उतरवून घेण्याचे काम अल्लीपूरची एखादी नववीतली मुलगीही करू शकते.